खाट शोधणं हे नातेवाइकांचं काम नाही

जुलै १९९२. पश्चिम बंगालमधल्या मथुरापूर स्टेशनवर हकीम शेख हा शेतमजूर गाडीतून पडला. डोक्याला जबर मार लागला, मेंदूत रक्तस्राव झाला. गावच्या आरोग्य केंद्रात सोय नव्हती, म्हणून त्याला कलकत्त्याला नेलं. तिथं एकामागून एका सरकारी रुग्णालयाच्या दारात त्याच्या माणसांना तेच ऐकावं लागलं, खाट रिकामी नाही. कुठे लागणारी सोयच नव्हती, कुठे स्कॅन करून दिला पण दाखल करून घेतलं नाही. शेवटी खासगी रुग्णालयात उपचार झाले आणि सुमारे सतरा हजारांचं बिल त्याच्या माथी आलं. हकीम शेख वाचला. त्याची खेत मजदूर समिती सर्वोच्च न्यायालयात गेली आणि ६ मे १९९६ रोजी निकाल लागला. सरकारी रुग्णालयानं वेळेवर तातडीचे उपचार नाकारणं हा घटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे, असं न्यायालयानं सांगितलं. पंचवीस हजारांची भरपाई दिली आणि पैशांची अडचण ही सबब सरकारला सांगता येणार नाही, असंही बजावलं.

निकालाचा हा भाग अनेकांना ठाऊक असतो. त्याच निकालात पुढे सरकारनं काय करायचं याची यादी आहे, तिच्याकडे मात्र कोणी फारसं पाहत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात रुग्णाला निदान स्थिर करता येईल इतकी सोय करा. रुग्णवाहिकांची व्यवस्था लावा. आणि राज्यपातळीवर अशी मध्यवर्ती संपर्क यंत्रणा उभारा की, हव्या त्या उपचाराची खाट कुठे रिकामी आहे ते लगेच कळेल आणि रुग्ण थेट तिथेच पाठवता येईल. हे १९९६ साली सांगितलं आहे. आजही महाराष्ट्रात रात्री-अपरात्री एखाद्याला मेंदूचा मार लागला किंवा श्वास लागला, तर खाट शोधत फोन फिरवतो तो रुग्णाचा भाऊ, मेहुणा, नाहीतर गल्लीतला एखादा ‘ओळख असलेला’ कार्यकर्ता.

माझं म्हणणं एवढंच आहे, की ही शोधाशोध नातेवाइकांच्या अंगावर टाकणं आपण थांबवायला हवं. कॅज्युअल्टीतली, म्हणजे रुग्णालयाच्या तातडीच्या उपचारांच्या विभागातली गर्दी, तिथली भांडणं, डॉक्टरांवर उठणारे हात, वाटेत जाणारे जीव, यांतलं बरंच काही या एका गोष्टीशी येऊन भिडतं. ते का, हे समजायचं तर कॅज्युअल्टी चालते कशी ते आधी पाहिलं पाहिजे.

आपल्याला नंबराची सवय आहे. रेशन, बँक, ओपीडी, सगळीकडे जो आधी येईल त्याचं काम आधी. कॅज्युअल्टीत हा नियम चालत नाही आणि चालूही नये. तिथं पहिली तपासणी होते ती रुग्ण किती गंभीर आहे याची. श्वासनलिका मोकळी आहे का, श्वास नीट चालू आहे का, नाडी आणि रक्तदाब काय, शुद्ध आहे का, हे दोन-तीन मिनिटांत पाहून डॉक्टर ठरवतात की कोणाला आत्ता हात लावायचा आणि कोण थोडं थांबू शकेल. मोठ्या रुग्णालयांत त्यासाठी लाल, पिवळा, हिरवा असे रंग असतात. लहान ठिकाणी रंग नसले तरी सीएमओच्या, म्हणजे पाळीवरच्या वैद्यकीय अधिकाऱ्याच्या डोक्यात तीच वर्गवारी चालू असते.

यातली एक गोष्ट नातेवाइकांना फार उलटी वाटते. मोडलेला पाय घेऊन जो मोठमोठ्यानं ओरडतोय, त्याच्याकडे डॉक्टर लगेच येत नाहीत. ओरडता येतंय याचा अर्थ श्वास चालू आहे, शुद्ध आहे, मेंदूला रक्त मिळतंय. कोपऱ्यात गप्प बसलेला, घामानं भिजलेला, विचारलेल्या प्रश्नाला उशिरा उत्तर देणारा माणूस त्यांना जास्त घाबरवतो. मण्यार हा विषारी साप चावलेलं पोर हे याचं सगळ्यात वाईट उदाहरण. मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्याला चावते. दुखत फारसं नाही, सूज नाही, कधी दंशाची खूणही सापडत नाही. पहाटे पोर म्हणतं, पोटात दुखतंय. मग पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं आणि काही तासांत श्वासाचे स्नायू लुळे पडतात. असं पोर आईच्या मांडीवर शांत पडलेलं असतं. त्याला आधी आत घेतलं म्हणून बाहेर आरडाओरडा करणाऱ्यांना कोणी सांगितलेलंच नसतं, की आत काय चाललंय.

हे सांगणारं माणूस रुग्णालयानं ठेवायला हवं. ‘शांतता राखा’चे फलक पुष्कळ असतात. ‘तुमच्या रुग्णाची तपासणी झाली आहे, तो या गटात आहे, पुढचा डॉक्टर साधारण इतक्या वेळानं पाहील’ हे बोलणारं कोणी नसतं. निवासी डॉक्टरकडे तेवढा वेळ नसतो. सिस्टरच्या हाताखाली दहा रुग्ण असतात. मग नातेवाईक वॉर्डातल्या कामगारांना, मामांना विचारतात, मावशींना विचारतात, सिक्युरिटीला विचारतात, आणि ज्याला काहीच माहीत नाही तो काहीतरी ठोकून देतो. आरोग्ययोजनेच्या टेबलावर आरोग्यमित्र बसवता येतो, तर कॅज्युअल्टीच्या दारात नातेवाइकांशी बोलायला तीन पाळ्यांत एकेक समाजसेवक बसवणं सरकारला जड जाऊ नये.

आता गर्दीबद्दल. दर काही महिन्यांनी कुठला तरी अधिकारी सांगतो, की लोक साधा ताप-खोकला घेऊन कॅज्युअल्टीत येतात म्हणून खऱ्या गंभीर रुग्णांना वेळ मिळत नाही. मला हे पटत नाही. ताप-खोकलावाला पाच मिनिटांत गोळ्या घेऊन जातो, तो ट्रॉली अडवत नाही. आणि तो रात्री तिथं येतो, कारण त्याच्या वस्तीतला दवाखाना रात्री बंद असतो. कॅज्युअल्टी तुंबते ती मागच्या दारानं. ज्याला तपासून झालं, ज्याला दाखल करायचं नक्की झालं, त्याच्यासाठी वॉर्डात किंवा अतिदक्षता विभागात खाट नसते. तो तासन्‌तास तिथंच ट्रॉलीवर राहतो, त्याचं सलाईन, त्याचा ऑक्सिजन, त्याच्यावर लक्ष ठेवणारी सिस्टर, सगळं तिथंच अडकतं. तातडीच्या उपचारांत काम करणारे डॉक्टर जगभर हेच सांगत आलेत, की गर्दीचं मुख्य कारण पुढे न सरकणारे रुग्ण आहेत. मोरीचं पाणी तुंबलं की आपण नळाला दोष देत बसत नाही, जाळी पाहतो. इथंही तेच करायला हवं.

एका मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात मी पाहिलेली एक रात्र सांगतो. साठीचे एक गृहस्थ, कोकणातून रुग्णवाहिकेनं आणलेले. घशात नळी घातलेली, पण व्हेंटिलेटर मोकळा नव्हता. नळीला अंबू बॅग, म्हणजे हातानं दाबून श्वास देण्याची पिशवी जोडली होती. लोक तिला ‘फुगा’ म्हणतात. तो फुगा त्यांचा मुलगा हातानं दाबत होता. सिस्टरनं त्याला एकदा दाखवलं होतं, दाब, सोड, मनात मोज, पुन्हा दाब. बोटं दुखली की तो हात बदलायचा. त्याचा चुलतभाऊ शेजारी उभा राहून फोन लावत होता, आधी गावच्या सरपंचांना, मग कुठल्या तरी आमदारांच्या पीएला, मग दोन खासगी रुग्णालयांच्या रिसेप्शनला. तिथून डिपॉझिटचा आकडा यायचा, तो ऐकून घ्यायचा आणि पुढचा नंबर लावायचा. फोनची बॅटरी संपत आली तेव्हा त्यानं माझा चार्जर मागितला. त्याच्याकडे पाठवणाऱ्या रुग्णालयाची चिठ्ठी होती. तिच्यावर ‘पुढील उपचारांसाठी वरिष्ठ रुग्णालयात पाठवत आहोत’ एवढंच. कोणत्या रुग्णालयात, कोणाशी बोलून, व्हेंटिलेटर आहे का विचारून, यातलं एक अक्षर नव्हतं. आतले डॉक्टर दोषी नव्हते. त्यांना हा रुग्ण येतोय हे माहीतच नव्हतं. ज्या पाठवणाऱ्या रुग्णालयानं त्यांना आधी विचारायचं होतं, त्यानं ते काम त्या चुलतभावावर सोडून दिलं होतं.

आपल्याकडे ‘रेफर’ करण्याची साखळी कागदावर छान आहे. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, सिव्हिल म्हणजे जिल्हा रुग्णालय, मग वैद्यकीय महाविद्यालय. पण प्रत्येक कडी पुढच्या कडीला न विचारता रुग्ण ढकलते. २०२३ साली याचे दोन भयंकर परिणाम दिसले. ऑगस्टमध्ये कळव्याच्या महापालिका रुग्णालयात चोवीस तासांत अठरा मृत्यू झाले. ठाण्याच्या सिव्हिलचं नूतनीकरण चालू असल्यानं तिथला भार कळव्यावर आला होता. सप्टेंबरच्या अखेरीस नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस मृत्यू झाले, त्यांत बारा नवजात बाळं होती. दोन्ही वेळी सरकारी बाजूनं एक खुलासा आला, की अनेक रुग्ण शेवटच्या अवस्थेत, दुसऱ्या रुग्णालयांतून उशिरा आणले गेले होते. तो खरा असेलही. पण मग पुढचा प्रश्न सरकारनं स्वतःलाच विचारायला हवा होता. त्यांना कोणी पाठवलं, किती वाजता पाठवलं, आणि पाठवण्याआधी तिथल्या नवजात विभागात खाट शिल्लक आहे का हे विचारलं होतं का? उशिरा आलेला रुग्ण हा कुठेतरी उशिरा सोडलेला रुग्ण असतो.

पुढे पाठवण्याआधी जागेवर बरंच काही करता येतं, हे महाराष्ट्रानंच दाखवलं आहे. १९७०च्या दशकात महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात काम करताना डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशाचे रुग्ण डोळ्यांसमोर जाताना पाहिले. विषानं हृदयावर काय होतं ते त्यांनी रुग्णांशेजारी रात्र-रात्र बसून टिपलं आणि पुढे प्राझोसिन हे रक्तदाबाचं स्वस्त औषध वापरून मृत्यूचं प्रमाण कमालीचं खाली आणलं. ते काम ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. त्यांच्या रुग्णांना मुंबईपर्यंत पोचायला वेळच नसायचा, म्हणून उपचार तिथंच करावे लागले. सर्पदंशाचंही तसंच आहे. प्रतिविष आरोग्य केंद्रात असतं आणि तिथंच सुरू करायचं असतं. ‘पुढे न्या’ म्हणून कोरड्या हातानं पाठवलेला रुग्ण वाटेत दगावला, तर त्याला नशीब म्हणता येत नाही.

मेंदूच्या झटक्यात तर कुठे पाठवलं यावर सगळं अवलंबून असतं. रक्ताची गुठळी विरघळवणारं औषध साडेचार तासांच्या आतच देता येतं. ते देण्याआधी सीटी स्कॅन हवाच, कारण झटका गुठळीमुळे आहे की रक्तस्रावामुळे हे बाहेरून कळत नाही, आणि रक्तस्राव असताना ते औषध दिलं तर माणूस जातो. म्हणजे तोंड वाकडं झालेल्या माणसाला ‘जवळच्या’ रुग्णालयात नेऊन उपयोग नाही, ‘जवळच्या, सीटी चालू असलेल्या’ रुग्णालयात न्यायला हवं. आज रात्री तालुक्यात कुठलं मशीन चालू आहे आणि ते पाहणारा डॉक्टर जागेवर आहे का, हे घरच्यांनी कुठून शोधायचं? ती माहिती असलीच तर यंत्रणेकडे असते.

हे सगळं अशक्य आहे असं कोणी म्हटलं, तर मी त्यांना जून २०२०ची मुंबई आठवायला सांगेन. मे महिन्यात करोनाचे रुग्ण एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात हिंडत होते. मग महापालिकेनं चोवीसही वॉर्डांत वॉर रूम सुरू केल्या. चाचणीचे अहवाल आधी तिथं जायचे, तिथले डॉक्टर रुग्णाला फोन करायचे, कोणाला घरी राहता येईल आणि कोणाला खाट लागेल ते ठरवायचे, आणि खाट तेच नेमून द्यायचे. खाटांची संख्या संगणकावर दिसत होती. खासगी रुग्णालयांच्या ऐंशी टक्के खाटा राज्य सरकारनं साथरोगाच्या कायद्याखाली नियंत्रणात घेतल्या होत्या. एप्रिल २०२१च्या लाटेत अतिदक्षतेच्या खाटाच संपल्या तेव्हा या कक्षांचेही हात टेकले, हे खरं आहे. नसलेली खाट कोणतीही यंत्रणा आणू शकत नाही. पण असलेली खाट शोधण्यासाठी माणसाला दारोदार हिंडावं लागू नये, एवढं त्यांनी महिनोन्‌महिने करून दाखवलं. साथ ओसरली आणि आपण ते बंद केलं. हृदयविकार, अपघात, सर्पदंश, अडलेली बाळंतीण, यांची साथ ओसरलेली नाही.

डॉक्टर मित्र यावर एक रास्त आक्षेप घेतात. फोन करून विचारलं की समोरचं रुग्णालय ‘खाट नाही’ असंच म्हणतं, न विचारता पाठवलं तर निदान घ्यावं तरी लागतं. हे खरं आहे, म्हणूनच नुसती विचारपूस पुरणार नाही. मध्यवर्ती कक्षाला नेमणुकीचा अधिकार हवा. त्यानं ‘हा रुग्ण तुमच्याकडे येतोय’ असं सांगितलं, की ते रुग्णालयाला बांधील असलं पाहिजे. सरकारी आणि महापालिकेच्या रुग्णालयांना हे लागू करायला आदेश पुरेल. धर्मादाय रुग्णालयांबाबत पाया तयारच आहे. सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ कक आणि त्यावरच्या मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६च्या योजनेनुसार दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. तातडीच्या रुग्णाला अनामत न मागता दाखल करून, तो स्थिर होईपर्यंत जीव वाचवणारे उपचार द्यायचे असतात. २०२५च्या एप्रिलमध्ये पुण्यात एका बाळंतिणीच्या मृत्यूनंतर अनामतीवरून लोक रस्त्यावर आले, तेव्हा हा नियम अनेकांनी पहिल्यांदा ऐकला. या खाटा मध्यवर्ती कक्षाच्या पडद्यावर मिनिटामिनिटाला दिसल्या पाहिजेत. रुग्णालयाच्या इच्छेवर त्या सोडता येणार नाहीत.

कक्षासाठी नवी इमारत बांधायलाही नको. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा राज्यात २०१४ पासून आहे. सुरू झाली तेव्हा तिच्याकडे ९३७ रुग्णवाहिका होत्या, त्यांतल्या २३३ प्रगत जीवरक्षक साधनांच्या, आणि गाडीत डॉक्टर असतो. नियंत्रण कक्षाला रुग्ण कुठे आहे, त्याला काय झालंय, गाडी किती वेळात पोचेल, हे समजतं. त्याच कक्षाला खाटांची माहिती आणि खाट नेमण्याचा अधिकार जोडा.

तोवर आपल्या हातात काही गोष्टी आहेत, त्या करायलाच हव्यात. छातीत दडपण, जबड्याकडे किंवा डाव्या हाताकडे जाणारी कळ, सोबत घाम, तर ‘गॅस असेल’ म्हणून सोडा पाजत बसू नका. मधुमेही माणसाला आणि बायकांना कळ न येता नुसती धाप लागू शकते. रुग्णालयात पोचल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी निघाला पाहिजे, तो मागा. पुढे पाठवत असतील तर त्या ईसीजीची पट्टी आणि दिलेल्या औषधांची नोंद हातात घ्या, फोटो काढून ठेवा. घरातल्या वयस्क माणसांच्या गोळ्यांची यादी मोबाइलमध्ये असू द्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे की नाही, या एका माहितीवर उपचार बदलतात. रस्त्यावर अपघात दिसला तर थांबा. जखमीला पोचवणाऱ्याला नाव-पत्ता सांगायची सक्ती करता येत नाही, हे मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीनं आलेल्या १३४अ कलमात आणि त्याखालच्या नियमांत आहे. ‘पोलीस केस आहे, आधी कागद’ असं कोणी म्हणालं, तर तेही चूक आहे. उपचार आधी आणि पोलीस नंतर, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८९ सालीच सांगून टाकलंय. रस्ते अपघातातल्या जखमींना सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे रोकडविरहित उपचार देणारी केंद्राची योजनाही मे २०२५ पासून लागू आहे. ती विचारा.

आणि हात उचलू नका. मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या रुग्णालयात डोक्याला मार लागलेला एक रुग्ण आला. तिथं मेंदूचा शल्यविशारद नव्हता, रुग्णाला दुसरीकडे न्या असं सांगितलं गेलं. जमावानं अस्थिरोग विभागाच्या तरुण निवासी डॉक्टरला इतकं मारलं, की त्याच्या डोळ्याला कायमची इजा झाली. राज्यात डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध २०१० चा कायदा आहे आणि तो कठोरपणे लावलाच पाहिजे. शल्यविशारद नसणं हा त्या तरुण डॉक्टरचा गुन्हा नव्हता. पण त्यानंतर सरकारनं काय वाढवलं, तर सुरक्षारक्षक. ‘दुसरीकडे न्या’ हे दोन शब्द तसेच राहिले, आणि रात्रपाळीच्या सर्वात धाकट्या डॉक्टरनंच ते नातेवाइकांना सांगायचे, हेही तसंच राहिलं. त्याऐवजी त्याला ‘अमुक रुग्णालयात तुमच्यासाठी जागा ठेवली आहे, गाडी वीस मिनिटांत निघतेय’ असं सांगता आलं असतं, तर दोन्ही बाजूंची माणसं वेगळी वागली असती, अशी माझी खात्री आहे.

सुरुवात कुठून करायची तर पुढे पाठवण्याच्या त्या चिठ्ठीपासून करता येईल. आरोग्य विभागानं एका परिपत्रकानं तिच्यात तीन रकाने वाढवावेत. समोरच्या रुग्णालयात कोणाशी बोलणं झालं, किती वाजता, आणि कोणती खाट ठेवली. रात्री अडीच वाजता एकटा वैद्यकीय अधिकारी दहा ठिकाणी फोन लावू शकत नाही, म्हणून त्यानं फक्त एक फोन करावा, तो नियंत्रण कक्षाला, आणि रकाने कक्षानं भरून द्यावेत. ते भरले जाईपर्यंत रुग्णवाहिका निघू नये, आणि तोवर रुग्णावर उपचार करण्याची जबाबदारी पाठवणाऱ्या रुग्णालयाचीच राहावी.